अर्ध्या सेकंदाखालच्या नजरा

तासगावच्या एसटी स्टँडवर सावळजच्या गाड्या लागतात, त्या फलाटासमोर एक भिंत आहे. चाळीस फूट लांब, अठरा फूट उंच. तिच्यावरचा रंग माझ्या ताब्यात आहे. मी महादेव कुंभार, पेंटर.

२०३४ साली त्या भिंतीवर एक बाई आली. चहाच्या जाहिरातीची. हातात ट्रे, ट्रेमध्ये सहा भरलेले कप, मागे सोफ्यावर घरातली माणसं. साडेतीन वर्षं ती ट्रे घेऊन उभी होती. माझी बायको शालन वारली त्या दिवशी उभी होती. तेरावा करून मी कामावर गेलो तेव्हाही उभी होती. मधल्या दिवसांत तिची कंबर तेवढी आणखी बारीक झाली होती.

ही भिंत रंगवलेली दिसते, पण तशी रंगवलेली नाही. मी तिला तीन थर देतो. मधल्या थरात मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत निरनिराळ्या रंगांचे कण. भिंतीच्या मागून बारीकसा करंट दिला की हवा तो कण वर येतो, बाकीचे तळाला बसतात. पडद्यासारखा उजेड नाही, लुकलुक नाही. हाताने काढलेल्या चित्रासारखंच दिसतं. वर आलेला कण तिथेच राहतो, म्हणून लाइट गेली तरी बाई कुठे जात नाही.

भिंतीच्या वरच्या कडेला सहा कॅमेरे आहेत. ते चेहरे साठवत नाहीत, तसा कायदा आहे. माणूस किती उंच आहे, कसा चालतो, एवढ्यावरून त्याला एक क्रमांक देतात. रोज येणाऱ्याचा क्रमांक रोज तोच. त्या क्रमांकाची नजर चित्रात कुठे टेकली आणि किती वेळ टेकली हे नोंदलं जातं. लोक जिथे जास्त बघतात ते भिंत थोडं वाढवते, जिथे बघत नाहीत ते थोडं कमी करते. रोज चित्रात बारीकसा बदल करून बघते आणि ज्याने नजरा वाढतात तो बदल ठेवते. हे इतकं सावकाश होतं की समोर दिवसभर उभं राहिलं तरी कळत नाही. घड्याळाचा तासकाटा सरकताना दिसत नाही, तसं.

पहिल्या दिवशी ती बाई बरी होती. चाळिशीची, सावळी, जरा रुंद. आपल्याकडची वाटावी म्हणून जाहिरात कंपनीने मुद्दाम तशी ठेवली होती. सहा महिन्यांत ती उजळली. वर्षात पंचविशीची झाली. ओठ थोडे उघडे राहायला लागले, पदर हलका झाला, सोफ्यावरची माणसं पुसट होत मागे गेली. राज्यात अशा दोनशे भिंती आहेत. कुठे साबण, कुठे मसाला, कुठे चहा. दोन वर्षांत सगळ्या भिंतींवरच्या बाया सख्ख्या बहिणींसारख्या दिसायला लागल्या. भिंतींची कंपनी म्हणायची, आम्ही काही ठरवत नाही, लोक बघतात तसं होतं.

मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. मीही तीस वर्षं ब्रशने बाया रंगवल्या होत्या. साडीच्या दुकानांच्या, दंतमंजनाच्या, सिमेंटच्यासुद्धा. तालुकाभर माझ्या बाया होत्या. शालनने त्यातल्या एकीकडेही मान वर करून बघितल्याचं मला आठवत नाही. लोक वाहवा करायचे, ही नुसती म्हणायची, "जेवायला चला." तिला नाही तरी चित्रातलं काय कळतं, असं मी मनात म्हणायचो. तिचं ते न बघणं मला तीस वर्षं लागून राहिलं होतं.

शालन बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला जायची. एकवीस वर्षं. साडेपाचला सुटी झाली की बाकीच्या बायांबरोबर स्टँडवर यायची आणि तिसऱ्या खांबाला टेकून गाडीची वाट बघायची. माझं काम आटपलेलं असलं की आम्ही एकाच गाडीने सावळजला जायचो. गेल्या ऑगस्टात तिला कावीळ झाली आणि बावीस दिवसांत ती गेली.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी भिंतीचा खालचा कोपरा पुसत होतो. शेडमधल्या बाया आल्या. त्यात रुक्साना मुलाणी होती. ती आणि शालन वीस वर्षं बेदाणा निवडायच्या पट्ट्यावर समोरासमोर बसायच्या, म्हणून ती मला दाजी म्हणते.

"काय वो दाजी," रुक्साना म्हणाली, "ह्या तुमच्या बाईचं हात दुखत न्हाईत व्हय?"

"चित्राचे हात कसे दुखतील?"

"शालन बी ह्येच म्हणायची. मालकांनी भारी बाई ठिवलीया, म्हणायची. खात न्हाय, पीत न्हाय, बसती म्हणत न्हाय."

"शालन? तिनं कधी बघितलंच नाही या भिंतीकडं."

रुक्सानाने मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, "ऐकलं का गं? शालननं बघितलंच न्हाय म्हणं!" सगळ्या हसायला लागल्या. मग तिने मला सांगितलं. जेवायच्या सुटीत शालन या बाईची नक्कल करायची. बेदाण्याचं घमेलं बोटांच्या टोकांवर धरायचं, करंगळी बाहेर, मान तिरकी, ओठ उघडे, आणि म्हणायचं, 'घ्या ना चहा.' एकदा घमेलं हातातून सुटलं. सगळा बेदाणा फरशीवर. सुपरवायझर ओरडत होता आणि शालन त्याच्याकडे तशीच मान तिरकी करून बघत राहिली.

"मला कधी बोलली नाही," मी म्हणालो.

"तुमाला काय सांगायचं? तुमी रंगीवल्याली बाई. तुमाला वाईट वाटलं असतं."

गाडी आली, त्या गेल्या. मी फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. एवढी हुबेहूब नक्कल न बघता कशी करता येईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीमागचं कपाट उघडलं. त्यात यंत्र असतं. त्यावर एक नोंदीचा भाग आहे आणि एक टाकाऊचा. अर्ध्या सेकंदापेक्षा कमी टेकलेली नजर बघणं म्हणून धरत नाहीत, ती टाकाऊत जाते. टाकाऊ दर महिन्याला आपोआप रिकामं व्हायला हवं होतं. आमच्या यंत्रात ते कधी झालंच नव्हतं.

शालनला शोधायला वेळ लागला नाही. रोज साडेपाचनंतर येणारी, तिसऱ्या खांबाशी थांबणारी, उजवी टाच दुखायची म्हणून डाव्या पायावर भार देऊन चालणारी. आणि सोळा ऑगस्टनंतर कधीच न आलेली. असा एकच क्रमांक होता. २२१७.

नोंदीच्या भागात २२१७ ची एक ओळही नव्हती. तीन वर्षांत ती भिंतीकडे एकदाही अर्धा सेकंद बघत राहिली नव्हती. मग मी टाकाऊ उघडलं. तिथे २२१७ च्या नऊ हजारांवर नजरा होत्या.

मी खुर्ची ओढून बसलो. एकेक नजर सेकंदाचा पाचवा भाग, कुठे त्याहून कमी. चेहऱ्यावर फार थोड्या. टाचांवर काही, पदरावर काही. सगळ्यात जास्त ट्रे धरलेल्या डाव्या हातावर. पावसात, उन्हात, दिवाळीत, रोज त्या हातावर.

मी बाहेर जाऊन तो हात बघितला. सहा भरलेले कप असलेला ट्रे त्या बाईने चार बोटांच्या टोकांवर धरला होता. अंगठा कुठेच नव्हता. असा ट्रे कोणालाही धरता येणार नाही. हे मला, पेंटरला, साडेतीन वर्षांत दिसलं नव्हतं. दिसणार कसं? तीस वर्षं मी स्वतः असेच हात काढत आलो. माझ्या उस्तादाने शिकवलं होतं, बाईचा हात सोपा ठेवायचा, वेळ चेहऱ्यावर घालवायचा.

मी पुण्याला केतकी सोहोनीला फोन लावला. ती कंपनीची इंजिनियर. भिंत बसवायला तीच आली होती, तेव्हापासून मला काका म्हणते.

"काका, तो नुसता कचरा आहे," ती म्हणाली. "माणूस गाडी बघतो, घड्याळ बघतो, मधे नजर भिंतीवरून जाते. ते बघणं नसतं."

"नऊ हजार वेळा एकाच हातावरून जाते?"

ती मग म्हणाली, "कोणाचा क्रमांक आहे?"

"आहे एक."

"ओळखलं असलं तर मला सांगू नका. ओळख पटलेला क्रमांक पुसून टाकावा लागतो, सगळीकडून. मला कळलं तर मलाच पुसावा लागेल."

मी सांगितलं नाही. विचारलं एवढंच, की हा अर्धा सेकंद कोणी ठरवला.

"चाचण्या करून ठरला. मोठ्या शहरातल्या एका मॉलमध्ये. लोक निवांत फिरत होते तिथे."

दुपारी मी शेडवर गेलो. शालन असताना कधी आत गेलो नव्हतो, फाटकापर्यंतच. आत थंड होतं आणि गोडसर वास होता. लांब पांढऱ्या पट्ट्यावरून बेदाणा वाहत होता आणि दोन्ही बाजूंना बाया. रंगाची निवड आता यंत्र करतं, पण काडी राहिलेला मणी अजून बाईच काढते.

"दाजी, आता आमचं चित्र काडताय का काय?" रुक्साना पट्ट्यावरची नजर न काढता म्हणाली.

"मला सांग, काडी दिसते कशी?"

"दिसती म्हंजे? दिसती." तिचं बोट गेलं आणि आलं. "टक लावून बघितलं की सुटती. नुसतं बघून घ्यायचं."

मी तिचे डोळे बघत उभा राहिलो. माणसाची नजर सलग फिरत नाही, ती उड्या मारते. दोन उड्यांच्या मधे जिथे टेकते तेवढंच खरं दिसतं. साधारण माणसाची नजर एका जागी पाव सेकंद टेकते आणि आवडलं की तिथेच परत परत टेकत राहते. त्याला कंपनी बघणं म्हणते. या बायांना परत टेकायची गरजच नव्हती. एका टेकण्यात त्यांचं काम होत होतं. दिवसाला आठ तास, वीस वर्षं, त्यांनी तेच केलं होतं.

"आन स्टँडावर?" मी विचारलं. "तिथं तर पट्टा नसतो."

"तितं बाईमाणसानं टक लावून बघावं कशाकडं? लगीच कुणीतरी इचारतंय, काय बघती म्हणून." ती हसली. "बघायचं, पण बघितलं असं दिसू द्यायचं न्हाय."

स्टँडवर पुरुष निवांत बघत बसतात. त्यांचं सगळं बघणं नोंदीत जात होतं. बायांचं टाकाऊत. दोनशे भिंतींवरच्या त्या दोनशे बहिणी अशा झाल्या होत्या.

संध्याकाळी मी यंत्रातला अर्धा सेकंद खाली आणला. धुळीच्या दिवसांत तो थोडा हलवायची मला परवानगी आहे. मी थोडा हलवला नाही. ०.५० होता, ०.१५ केला. यंत्राने विचारलं, मागचं टाकाऊ परत घ्यायचं का? मी होय म्हणालो.

पहिले चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी मला वाटलं, त्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा दिसतोय. सातव्या दिवशी तो ट्रेच्या कडेवर पक्का बसला होता आणि बोटं ट्रेच्या खाली गेली होती. पेरं जाड झाली. मनगटावर शीर आली. मग ट्रे खाली यायला लागला. रोज दोन बोटं. एका मंगळवारी तो सोफ्यासमोरच्या टीपॉयवर टेकला, आणि खरं सांगतो, माझ्याच खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

नंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. मी सकाळी यायचो तेव्हा ती कालच्यापेक्षा निराळी असायची, पण काय निराळं ते लगेच कळायचं नाही. ओठ मिटले. तोंड मिटल्यावर ती एकदम कोणीतरी झाली. रंग सावळा झाला. वय वाढायला लागलं, पस्तीस, चाळीस, त्याच्याही पुढे, आणि प्रत्येक वयात ती थोडी थांबल्यासारखी वाटायची. सोफा गेला, सोफ्यावरची माणसं गेली. ती खाली बसली, पाठ भिंतीला टेकून, एक पाय लांब करून. सहा कपांचा एक कप राहिला आणि तो तिच्या स्वतःच्या हातात आला. मागचं घरही विरघळत गेलं आणि त्या जागी नुसतं ऊन आलं, साडेपाच वाजता असतं तसं, पिवळं आणि लांब.

सगळ्यात शेवटी डोळे हलले. जाहिरातीतली बाई आपल्याकडे बघते. मी रंगवलेली प्रत्येक बाई आपल्याकडे बघायची, ते तर पहिलं शिकायचं. हिची नजर रोज केसभर बाजूला सरकत गेली. आपल्यावरून गेली, खांबांवरून गेली, गाड्या वळतात त्या फाटकापाशी गेली आणि तिथूनही पुढे. ती कशाकडे बघत होती मला माहीत नाही. कोणाची वाट बघत नव्हती, एवढं कळत होतं. ती चहा पीत होती.

त्या दिवसांत मी दुपारी भिंतीमागच्या सावलीत आडवा व्हायचो. डोळा लागला की भिंतीपलीकडून बायांचं बोलणं ऐकू यायचं आणि त्यात शालनचा आवाज असायचा. काय बोलते ते कळायचं नाही. मी उठून पुढे जात नसे. तसाच पडून राहायचो.

रोज सकाळी मी कपाट उघडून २२१७ बघायचो. एखादा महिना घ्यायचा आणि त्यातल्या नजरा एकेक करून चित्रावर लावून बघायच्या. आज इथे बघितलं. आज टाचेकडे बघितलं, त्या दिवशी तिची टाच दुखत असेल. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, पण फोटोत ती दिसते. इथे तिला काय दिसलं ते होतं.

बाया यायच्या आणि भिंतीसमोर बोलणं हळू व्हायचं. एकदा सावळजची गाडी लागली, भरली, निघाली, आणि चौघी तिथेच राहिल्या.

"ही कोण वो दाजी?" रुक्सानाने विचारलं.

"तुम्हीच केलीय. तुमच्या बघण्यानं."

"आमी? आमी तर बघत बी न्हाई."

सगळ्या हसल्या. त्यांच्यातली सगळ्यात थोरली, पारूआत्या, पिशवी छातीशी धरून उभी होती. ती म्हणाली, "हिला कुणी हाक मारू नगा."

पुरुषांना ती आवडली नाही. एक कंडक्टर मला म्हणाला, "पेंटर, आधीची बरी होती की. बघून हसायची तरी. ही कुणाला मोजतच नाही."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात केतकी आली. चार वाजता पुण्याच्या गाडीतून उतरली, पाठीवर सॅक. मला काही बोलायच्या आधी तिला भिंत दिसली. ती बाकावर बसली आणि बराच वेळ बसून राहिली.

"काका, किती केलंत?"

"पंधरा."

"शून्य पूर्णांक पंधरा?" तिने कपाळाला हात लावला. "तरीच. अर्ध्या सेकंदाचं बघणं निम्म्यावर आलंय. चहावाले विचारतायत, आमची बाई स्वतःच चहा का पितेय?"

मग तिने टॅब्लेटवर एक फॉर्म काढला. त्यात दोन रकाने होते. एक, बिघाड. दुसरा, बदल, कारण लिहा.

"बिघाड लिहा," ती म्हणाली. "धुळीमुळे आकडा सरकला. गुरुवारी मी भिंत मूळच्यासारखी करते. तुमचं काम राहतं. कपाटातलं टाकाऊ मी बघितलंच नाही."

"आणि बदल लिहिलं तर?"

"तर चौकशी बसेल. लहान नजरा म्हणजे कचरा नाही, बायकांचं बघणं आहे, हे तुम्ही नीट लिहिलंत तर कदाचित ऐकतीलही. दोनशे भिंतींचा आकडा बदलावा लागेल त्यांना. पण चौकशीत पहिल्यांदा तुमच्या यंत्रावरच्या शोधांची यादी मागतील. मी आत्ता बघितली. तुम्ही एकच क्रमांक एकशे बारा वेळा उघडलाय, काका. विचारतील, हाच का? तुम्हाला सांगावं लागेल. आणि सांगितलंत की तो पुसला जाईल. भिंतीतून, टाकाऊतून, सगळीकडून. परत आणता येत नाही."

"धूळ लिहिलं तर राहील?"

"राहील. कोणी यादी मागणारच नाही."

मी म्हणालो, "साडेपाचची गाडी जाईपर्यंत थांब."

ती थांबली. आम्ही कँटीनमधून चहा आणून प्यायलो. मला धूळच लिहायची होती, खोटं कशाला सांगू. नऊ हजार नजरा माझ्याजवळ होत्या. रोज दहा बघितल्या तरी अडीच वर्षं पुरल्या असत्या, मग पुन्हा पहिल्यापासून. एवढं मला पुष्कळ होतं. भिंतीवर काय, आज ही बाई, उद्या ती. मी आयुष्यभर भिंती पुसून नव्या रंगवल्या आहेत.

बाया आल्या. मी रुक्सानाला सांगितलं, "गुरुवारी ती ट्रेवाली परत येणार आहे."

मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, "यिऊ दे की. आमाला काय, आमी गाडीला येतो." आणि पिशवीतून पासाचं कार्ड शोधायला लागली.

शोधता शोधता तिचे डोळे वर गेले. भिंतीवर टेकले आणि परत पिशवीत आले. पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ नव्हता. दोन महिन्यांपूर्वी मला ते दिसलं नसतं. आता दिसलं. तिने सगळं बघून घेतलं होतं, ती बाई, तो कप, ते ऊन. आणि पुन्हा कार्ड शोधत होती, जसं काही झालंच नाही.

शालन अशीच माझ्या शेजारी उभी असायची. मी तिला विचारायचो, भिंत कशी दिसते? ती म्हणायची, बरी हाय.

मी केतकीकडून टॅब्लेट घेतला आणि दुसऱ्या रकान्यात लिहायला बसलो. टाइप करायला मला वेळ लागतो. मी लिहिलं, की स्टँडवरच्या बाया बघतात, पण टक लावून बघत नाहीत, आणि तुमचं यंत्र टक लावणाऱ्यांनाच मोजतं. शेडमध्ये काय बघितलं ते लिहिलं. हाताचं लिहिलं, अंगठ्याचं लिहिलं. शेवटी लिहिलं, क्रमांक २२१७ म्हणजे शालन महादेव कुंभार, वय सत्तावन्न, काम बेदाणा निवडणे. मयत. माझी पत्नी.

केतकीने वाचलं. चष्मा काढून पुसला.

"काका, हे नाव न लिहिताही काहीतरी..."

"ती बघत होती," मी म्हणालो. "हे कुठंतरी लिहिलेलं पाहिजे."

ती म्हणाली, आता नियमाप्रमाणे क्रमांक पुसायला लागेल, मी पुसू की तुम्ही? मी म्हणालो, मीच. आम्ही भिंतीमागे गेलो. यंत्राने एकदा विचारलं, पुन्हा एकदा विचारलं. दोन्ही वेळा मी होय केलं. २२१७ शोधून बघितलं. असा क्रमांक नाही, असं आलं.

मी घाईने पुढे आलो. मला भीती होती ती हाताची. त्या हाताकडे सगळ्यात जास्त शालनने बघितलं होतं. तिच्या नजरा गेल्या की अंगठा निघून जाईल, बोटं पुन्हा टोकांवर येतील. मी भिंतीच्या अगदी जवळ उभा राहिलो. कप धरलेला हात तसाच होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"बदलतोय का?" मी विचारलं.

केतकीने आकडे बघितले. "नाही काका. काहीच बदल नाही."

"काहीच?"

"त्याच जागी बाकीच्यांच्याही नजरा आहेत. चारशे तीस जणींच्या. एक काढली तर फरक पडत नाही."

पहिल्यांदा मला ते फार लागलं. शालन वारली तेव्हाही असंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी सावळजची गाडी वेळेवर सुटली होती. मग मी त्या हाताकडे पुन्हा बघितलं. जाड पेरं, पक्का अंगठा. शालनला जिथे बघावंसं वाटलं तिथेच चारशे तीस जणींना वाटलं होतं, एकमेकींना न सांगता.

केतकी म्हणाली, चौकशी होईपर्यंत भिंतीला हात लावता येणार नाही. निदान पावसाळ्यापर्यंत ही बाई राहील. पुढचं तिला माहीत नव्हतं.

गाडी फलाटाला लागली. रुक्साना पिशवी उचलत म्हणाली, "काय एवढं लिवत हुता दाजी?"

"शालनचं नाव."

"कशात?"

"भिंत बघणाऱ्यांत."

तिने माझ्या दंडावर हात ठेवला, काढला, आणि गाडीकडे गेली. बाया दारापाशी रांगेने उभ्या राहिल्या. एक पाय पायरीवर, एक हात दांडीला, पिशवी सावरत, मागच्या बाईशी बोलत. मी खांबापाशी उभा राहून बघत होतो. अकरा जणी चढल्या. एकीनेही मान वळवली नाही. मला अकराही नजरा दिसल्या.